वैमानिकाची खुर्ची

नाशिकचा इतिहास सांगावयाचा म्हटले की बहुतेक वक्ते पंचवटीपासून आरंभ करतात, पेशवाईत थोडे रेंगाळतात आणि काळाराम मंदिराच्या सत्याग्रहापाशी येऊन विसावतात. त्यात गैर काही नाही. परंतु याच शहराच्या उशाशी, ओझरला, साठ वर्षांहून अधिक काळ लढाऊ विमानांचा कारखाना उभा आहे, आणि त्याचा इतिहास मात्र कोणी सांगत नाही. आम्हीही आज तो सगळा सांगणार नाही. त्यातील एका लहानशा वस्तूचाच तेवढा विचार करू. ती वस्तू म्हणजे वैमानिकाची खुर्ची. विमान हातचे गेले असता वैमानिकाला घेऊन बाहेर झेपावणारी, जिला इजेक्शन सीट म्हणतात ती.

हा विषय आम्हाला सुचविला तो विमानांच्या लहान प्रतिकृती करणाऱ्या काही तरुण कामगारांनी. दिवसभर लेथवर किंवा फिटिंगच्या टेबलावर काम करून ही मुले रात्री बहात्तरास एक किंवा अठ्ठेचाळीसास एक अशा प्रमाणात विमाने घडवितात. आमचे आयुष्य युनियनच्या कामात गेले; शाळा लवकर सुटली आणि पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयाच्या पुस्तकांवर झाले. तेव्हा या मुलांचा छंद प्रथम आम्हाला चैनीचा वाटला. पण त्यांचा प्रश्न चैनीचा नव्हता. ते विचारीत होते की, अमुक साली अमुक विमानात खुर्ची नेमकी कोणती होती, आणि हे खात्रीने कसे ठरवावे? इतिहासाच्या अभ्यासाला याहून चांगला आरंभ आम्हाला ठाऊक नाही.

प्रथम ही खुर्ची आली कोठून ते पाहू. पहिल्या महायुद्धातील विमाने इतकी संथ होती की वैमानिकाने कडेवर चढून हवाई छत्रीसह उडी घेतली असती तर ते जमण्याजोगे होते. पुढे वेग वाढला. ताशी चारपाचशे किलोमीटरांच्या वाऱ्यात माणसाला उठून उभे राहणेही कठीण होते, आणि बाहेर पडलाच तर मागील शेपटावर आदळण्याची भीती असते. म्हणून माणसाला खुर्चीसकट फेकण्याची कल्पना निघाली. १३ जानेवारी १९४२ रोजी जर्मनीत हेल्मुट शेंक या चाचणी वैमानिकाचे हाइन्केल विमान बर्फाने गोठले आणि तो दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या खुर्चीने बाहेर पडून वाचला. खऱ्या संकटात अशा खुर्चीने प्राण वाचल्याचे हे पहिले उदाहरण होय.

इंग्लंडात हे काम जेम्स मार्टिन या इंजिनियराने केले. १२ सप्टेंबर १९४२ रोजी त्याचा भागीदार आणि वैमानिक व्हॅलेंटाइन बेकर हा त्यांच्याच एका विमानाच्या अपघातात मरण पावला होता, आणि वैमानिकाच्या सुरक्षिततेचा विचार त्यानंतर मार्टिनच्या मनातून गेला नाही. त्याने खुर्चीखाली दारूचे काडतूस बसविले. परंतु माणसाच्या पाठीचा कणा हा धक्का किती सोसतो हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नव्हते. ते माणूस बसवूनच पाहणे भाग होते. तो माणूस म्हणजे त्याच कारखान्यातील एक फिटर, बर्नार्ड लिंच. २४ जानेवारी १९४५ रोजी तो उंच चौकटीवरील खुर्चीत बसला आणि काडतुसाने त्याला चार फूट आठ इंच वर फेकले. पुढच्या खेपांना काडतूस वाढवीत नेले. दहा फुटांपाशी लिंचने त्रास होत असल्याचे सांगितले. त्यानंतर चौकटीवर बसलेल्या एका पत्रकाराच्या मणक्याला तर इजाच झाली. या सगळ्यातून डॉक्टरांनी आणि इंजिनियरांनी असा हिशेब बसविला की धक्का पृथ्वीच्या ओढीच्या सुमारे एकवीस पटींपलीकडे जाऊ नये, आणि तितकाही एकदम बसू नये, चढत चढत बसावा. एकवीस पट म्हणजे सत्तर किलोच्या माणसाने क्षणभर जवळजवळ दीड टन वजनाचे व्हावे. म्हणून एकाऐवजी दोन काडतुसे पाठोपाठ उडण्याची योजना झाली. पाय टेकावयास पावठे आले. डोक्यावर एक पडदा आला. तो दोन्ही हातांनी तोंडावर ओढला की खुर्ची सुटे, आणि ओढताना पाठ आपोआप ताठ राही.

२४ जुलै १९४६ रोजी हाच लिंच ताशी ३२० मैल वेगाने जाणाऱ्या मिटिऑर विमानातून आठ हजार फुटांवर बाहेर फेकला गेला. खुर्ची सोडणे आणि छत्री उघडणे ही कामे तेव्हा माणसानेच करावयाची होती. ती करून तो सुखरूप उतरला. मार्टिन-बेकरच्या खुर्च्यांनी आजवर साडेसात हजारांहून अधिक प्राण वाचविले आहेत. त्या प्रत्येक प्राणामागे एका फिटरचा कणा आहे, हे आम्ही कामगार मंडळींनी तरी विसरू नये.

आता आपल्या हवाई दलाकडे वळू. प्रतिकृती करणाऱ्यांनी पहिला धडा येथेच घ्यावा: खुर्ची कोणती हे पाहण्याआधी ती आहे किंवा नाही ते पाहावे. भारताचे पहिले जेट विमान म्हणजे १९४८ साली आलेले व्हॅम्पायर. एका आसनाच्या व्हॅम्पायरमध्ये इजेक्शन सीट नव्हती. जेट म्हणजे इजेक्शन सीट असे गृहीत धरून कोणी ती बसविली, तर प्रतिकृती कितीही सुबक असो, खोटी ठरते. १९५७ पासून आलेल्या हंटरमध्ये मार्टिन-बेकरची खुर्ची होती. नॅट हे विमान फार लहान. त्यात फॉलंड कंपनीची हलकी खुर्ची होती, आणि तिची रचना स्वीडनच्या साब कंपनीच्या खुर्चीवरून घेतलेली होती. याच नॅटवरून बंगळूरला अजित विमान झाले, आणि त्यात मार्टिन-बेकरची खुर्ची आली. बाहेरून ही दोन विमाने सख्ख्या भावांसारखी दिसतात. आतली खुर्ची त्यांना वेगळे करते.

कॅनबेरा बॉम्बफेकी विमानाचे उदाहरण याहून बोलके आहे. १८ डिसेंबर १९६१ रोजी गोवामुक्तीच्या कारवाईत दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले ते कॅनबेरांनी. आपल्याकडे या विमानाचा जो बॉम्बफेकी प्रकार होता, त्यात दोन माणसे असत. वैमानिक काचेच्या घुमटाखाली बसे आणि त्याला इजेक्शन सीट होती. नेव्हिगेटर पुढे नाकात बसे, आणि त्याला ती नव्हती. संकट आले तर त्याने सरपटत दाराशी यावे आणि उडी घ्यावी. एकाच विमानातून, एकाच मोहिमेवर, एकाच शत्रूच्या तोफांपुढे जाणारी ही दोन माणसे. एकाला दोरी ओढण्याचा अवकाश, दुसऱ्याला दार गाठण्याचा.

ही गोष्ट आपल्याकडेच होती असे नाही. इंग्लंडच्या व्हल्कन या मोठ्या बॉम्बफेकी विमानात पुढच्या दोघा वैमानिकांना इजेक्शन सीटा होत्या, मागे बसणाऱ्यांना नव्हत्या. १ ऑक्टोबर १९५६ रोजी लंडनच्या विमानतळावर पावसात उतरताना एक व्हल्कन कोसळले. पुढचे दोघे फेकले जाऊन वाचले, उरलेले चौघे मेले. दोघा वैमानिकांचा त्यात काही अपराध नव्हता. त्या उंचीवर ते दुसरे काही करू शकत नव्हते. निर्णय फार आधी, आराखड्याच्या कागदावर झालेला होता. जागा नाही, वजन परवडत नाही, खर्च वाढतो, अशी कारणे तेथे दिली जातात. ही कारणे आमच्या कानांना परिचयाची आहेत. यंत्राला संरक्षक जाळी मागितली की कारखान्यात हीच ऐकू येतात.

म्हणून आम्ही त्या मुलांना सांगतो की, खुर्च्या मोजा. कॅनबेराच्या प्रतिकृतीत घुमटाखाली इजेक्शन सीट एक, आणि नाकात साधी बैठक. कोणी दोन बसविल्या तर ती नुसती छंदातील चूक राहत नाही. जो माणूस असुरक्षित बसत होता त्याला आपण सुरक्षित दाखविले, आणि त्याची हकीकत पुसून टाकली, असा त्याचा अर्थ होतो.

आता ओझरच्या मिग-२१ कडे येऊ. मिग विमानांसाठी रशियाशी बोलणी झाली ती १९६२ साली. त्याच वर्षाच्या अखेरीस यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि १९६३ साली नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. कारखान्याची विभागणी अशी झाली: विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसातील कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला. १ ऑक्टोबर १९६४ रोजी जुनी हिंदुस्थान एअरक्राफ्ट आणि मिगसाठी काढलेली नवी कंपनी यांची मिळून हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाली. यातली जुनी कंपनी मुळात आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली बंगळूरला काढलेली, हेही ध्यानात ठेवावे.

ओझरला मिग-२१ चे तीन प्रमुख प्रकार निघाले. पहिला एफ.एल., त्याला हवाई दलात टाइप ७७ म्हणत. दुसरा एम., म्हणजे टाइप ९६. तिसरा बिस, म्हणजे टाइप ७५. या तिघांत इंजिन, रडार, पेट्रोलची टाकी अशा पुष्कळ गोष्टी बदलल्या. परंतु कॉकपिट उघडे ठेवून प्रतिकृती करणाऱ्याला सर्वांत आधी भेडसावतो तो खुर्चीतील आणि झाकणातील फरक.

एफ.एल.मध्ये एस.के. नावाची खुर्ची होती. तिची कल्पना मोठी चमत्कारिक होती. विमानाचे काचेचे झाकण पुढच्या बाजूला बिजागरीवर बसविलेले असे आणि मगरीच्या जबड्यासारखे मागून वर उघडे. खुर्ची सुटली की हे झाकण तिच्याबरोबरच निघे, आणि वाऱ्याचा पहिला तडाखा वैमानिकाच्या तोंडावर न बसता काचेवर बसे. उंचावर आणि मोठ्या वेगात ही ढाल कामाची. पण झाकण बाजूला होऊन माणूस मोकळा होण्यात वेळ जाई, आणि जमिनीलगत तोच वेळ मिळत नसे. म्हणून पुढच्या प्रकारांत के.एम.-१ ही खुर्ची आली. तिच्यात झाकण आधी वेगळे उडून जाई आणि मग खुर्ची निघे. काडतुसाच्या जोडीला रॉकेट असल्याने ती माणसाला पुरेसे उंच नेई. विमानाचा वेग ताशी १३० किलोमीटर असला तर जमिनीवरूनही ती उपयोगी पडे. या बदलामुळे पुढची काच पक्की झाली आणि मागचे झाकण उजवीकडे कलंडून उघडू लागले.

तेव्हा झाकण पाहिले की खुर्ची कळते. टाइप ७७ ची प्रतिकृती करून तिचे झाकण उजवीकडे उघडे ठेवले, तर ओझरच्या कोणत्याही जुन्या कामगाराला ती चूक दहा पावलांवरून दिसेल. आणि टाइप ९६ चे झाकण पुढे उचललेले दाखविले तरी तेच.

हे खात्रीने ठरवावयाचे कसे? पुरावे चार प्रकारचे असतात: छापील पुस्तिका, छायाचित्र, प्रत्यक्ष वस्तू आणि माणसाची आठवण. चारहींचे मोल आहे आणि चारहींना खोडी आहेत. पुस्तिका ही वस्तू कशी असावी ते सांगते, त्या दिवशी कशी होती ते सांगत नाही. छायाचित्र त्या दिवसाचे असते, पण त्याच्याखालची तारीख आणि विमानाचा नंबर पुष्कळदा दुसऱ्याच कोणी मागाहून लिहिलेला असतो. प्रत्यक्ष वस्तू सर्वांत खरी वाटते. दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात ही जुनी विमाने पाहावयास मिळतात, आणि ज्याला शक्य असेल त्याने ती अवश्य पाहावी. पण संग्रहालयात कोठेही ठेवलेली खुर्ची आधी निर्धोक केलेली असते. काडतुसे काढलेली असतात, पट्टे कुजले म्हणून बदललेले असू शकतात, रंगाचे नवे हात बसलेले असतात.

हे आम्ही शिकलो ते कामगारांच्या अपघातांच्या चौकशीतून. एका कारखान्यात, त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, प्रेसवर एका मुलाची बोटे गेली. चौकशीत यंत्राचे छायाचित्र पुढे आले आणि त्यात संरक्षक जाळी स्वच्छ दिसत होती. छायाचित्र खोटे नव्हते. फक्त जाळीच्या बोल्टांवरचे तेल आणि रंग कोरे होते, आणि शेजारच्या बोल्टांवर वर्षांची मळी होती. जाळी अपघातानंतर बसविलेली होती. तेव्हापासून कोणतीही जुनी वस्तू पाहताना आम्ही आधी बोल्ट पाहतो. संग्रहालयातील खुर्चीलाही हाच नियम लावावा: कोणता भाग कोणाच्या वयाचा आहे ते विचारावे.

चौथा पुरावा माणसाच्या आठवणीचा. ती वर्षे चुकते, नावे चुकते, क्रम उलटा लावते. परंतु हाताची आठवण सहसा चुकत नाही. कोणता स्क्रू काढण्यास वाकडे व्हावे लागे, कोणत्या कडेला मनगट घासे, हे तीस वर्षे काम केलेला माणूस झोपेतही सांगेल. म्हणून त्याला साल विचारू नये, काम विचारावे. आणि दोन माणसांनी एकमेकांना न भेटता तेच सांगितले तर ते बहुतांशी खरे धरावे. एक पथ्य मात्र पाळावे. संरक्षणाच्या कामातील जे उघड झालेले नाही ते विचारू नये, आणि तो सांगू लागला तरी लिहू नये.

मग मापाचा हिशेब. मिग-२१ च्या पंखांचा पसारा ७.१५ मीटर, बहात्तरास एक प्रमाणात तो ९९ मिलिमीटर भरतो, म्हणजे विमान तळहातावर मावते. साडेचार सेंटिमीटर रुंदीचा खांद्याचा पट्टा त्यात जेमतेम सहा दशांश मिलिमीटर होतो. अठ्ठेचाळीसास एकमध्येही एक मिलिमीटर भरत नाही. ही मुले तो चहाच्या पुड्यातील चंदेरी कागदातून कापतात. छायाचित्रावरून माप काढताना त्याच अंतरावरची, ठाऊक असलेल्या मापाची दुसरी वस्तू शोधावी आणि त्रैराशिक मांडावे. पुढची वस्तू मोठी आणि मागची लहान दिसते, हे विसरणाऱ्याची सारी खुर्ची वाकडी होते.

आणखी एक बारकावा सांगतो, तो फार थोडे लोक दाखवितात. विमान जमिनीवर उभे असताना खुर्चीत सुरक्षेच्या पिना खोवलेल्या असतात आणि त्यांना लाल फिती असतात. त्या नसतील तर कॉकपिटमध्ये वाकून काम करणाऱ्या माणसाचा नुसता धक्का लागून खुर्ची सुटू शकते. पिना खोवणे, काढणे आणि मोजून हातात दाखविणे हे जमिनीवरच्या तंत्रज्ञाचे काम. तेव्हा उघड्या कॉकपिटची, रिकाम्या खुर्चीची प्रतिकृती करणाऱ्याने त्या लाल फिती अवश्य लावाव्यात. केसाएवढी लाल रेघ; पण तिच्यामुळे जो माणूस चित्रात कधीच येत नाही तो चित्रात येतो.

खुर्चीने काय साधते, याचे उदाहरण मराठी माणसाला लांब शोधावे लागत नाही. १० डिसेंबर १९७१ रोजी दिलीप परुळकर यांचे सुखोई-७ विमान पाकिस्तानच्या हद्दीत पाडले गेले. ते खुर्चीने बाहेर पडले, युद्धकैदी झाले, आणि १३ ऑगस्ट १९७२ रोजी ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या दोघा साथीदारांसह रावळपिंडीच्या कैदेतून भिंत फोडून निसटले. अफगाण सरहद्दीजवळ लंडी कोतलला ते पकडले गेले आणि वर्षअखेर मायदेशी परतले. त्यांच्या साहसाची कथा पुष्कळांनी सांगितली आहे, आणि ती सांगण्यासारखीच आहे. आम्ही तिच्यात एवढीच भर घालतो की त्या कथेचे पहिले पान खुर्चीने लिहिले. जिने ते लिहिले ती खुर्ची कोणीतरी तपासली होती, तिचे काडतूस मुदतीत बदलले होते आणि तशी नोंद करून सही केली होती. त्या सहीचे नाव कोणत्याही कथेत नाही.

मिग-२१ एफ.एल. ११ डिसेंबर २०१३ रोजी कलाईकुंडा येथे निवृत्त झाले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला उरलेल्या मिग-२१ विमानांनीही निरोप घेतला. ओझरला मध्यंतरी मिग-२७ झाले, २००४ पासून सुखोई-३० निघू लागले आणि त्यांच्याबरोबर उभ्या विमानातूनही माणसाला वाचविणारी के-३६ खुर्ची आली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरला बांधलेले पहिले तेजस मार्क १-ए आकाशात गेले, आणि त्यात पुन्हा मार्टिन-बेकरची खुर्ची आहे. म्हणजे लिंचच्या कण्यावर तपासलेली विद्या फिरून आमच्या नाशिकला आली.

परंतु ज्या हातांनी एस.के. आणि के.एम.-१ हाताळल्या ते हात आता थकले आहेत. पहिल्या तुकडीतील मंडळी ऐंशीच्या पुढे गेली, पुष्कळ गेलीही. विमाने चौकाचौकांत उभी राहतील, त्यांना रंग लागतील, त्यांच्यापुढे छायाचित्रे निघतील. कामाची आठवण मात्र कोणी चौथऱ्यावर मांडून ठेवीत नाही. ती माणसाबरोबर जाते.

म्हणून आमची नाशिककरांना विनंती आहे. ज्यांच्या घरात, आळीत, नात्यात ओझरचे निवृत्त कामगार असतील, त्यांनी एक शंभर पानी वही घ्यावी आणि त्यांच्यापाशी बसावे. मोठे प्रश्न विचारू नयेत. देशाचे धोरण काय होते, युद्ध कसे जिंकले, हे लिहिणारे आहेत. अण्णा, तुमच्या हाताखाली काय होते, ते कोणत्या बाजूने उघडत असे, त्याला काय लागे, चुकले तर कोण ओरडे, एवढेच विचारावे आणि जसे सांगतील तसे, त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावे. पुढे कोणी मुलगा टाइप ७७ ची तळहाताएवढी प्रतिकृती करील तेव्हा झाकण कोणीकडे उघडावयाचे ते तो त्या वहीतून पाहील, आणि ते बरोबर असेल.